चढा सूर

गुरुजी दुकानात आले ते भांडायच्या तयारीनंच. एका हातात ठिबकणारी छत्री, दुसऱ्या हातात रुमालात गुंडाळलेली सीडी. "तुझ्या मशीननं आमच्या बुवांचा सूर पाडला," उंबऱ्यातूनच म्हणाले. दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती. दोघांनीही माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी म्हाताऱ्या माणसाला जिन्यावरून ढकललंय.

२००४चा पावसाळा होता. मिरजेतलं माझं दुकान तेव्हा आठ वर्षांचं झालेलं. गुरुजी शाळेतून संगीतशिक्षक म्हणून निवृत्त झालेले, घरी पेटी आणि गाणं शिकवायचे. त्यांच्या गुरूंच्या, म्हणजे बुवांच्या, घरगुती बैठका त्यांनी स्वतः टेप करून ठेवल्या होत्या, चाळीस-बेचाळीस कॅसेटी. फिती एकमेकींना चिकटायला लागल्या, तेव्हा त्या संगणकावर उतरवून सीडी करायचं त्यांनी मनावर घेतलं. मशीन मीच दोन वर्षांपूर्वी जोडून दिलेलं. वेगळं साउंड कार्ड नव्हतं, साउंड मदरबोर्डवरच होता. डेकची वायर मागच्या निळ्या भोकात घालायची आणि पडद्यावरचं लाल बटण दाबायचं, एवढं मी शिकवलं होतं. बावीस कॅसेटी उतरवून झाल्यावर त्यांनी पहिली सीडी राइट केली, कोल्हापूरला लेकीकडे नेली, तिथल्या प्लेअरवर लावली, आणि आयुष्यभर काळी एकमध्ये गायलेले बुवा भलत्याच खालच्या पट्टीत, झोपेतून उठवल्यासारखे गायला लागले.

मी सीडी दुकानात लावून बघितली. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. पण तबला चिखलातून चालल्यासारखा वाजतोय, एवढं मलाही कळलं.

"डेकचा पट्टा सैल झालाय," मी निदान केलं.

"डेक बरोबर वाजतोय रे."

"तुम्हाला तसं वाटतं, गुरुजी."

चाळीस वर्षं पेटीवर बसलेल्या माणसाला मी हे ऐकवलं. डेक मागवून घेतला, पट्टा बदलला, साठ रुपये घेतले.

संगणकावर माझा संशय गेला नाही, त्याला कारण होतं. मदरबोर्ड आणि साउंड कार्ड यांची भांडणं सोडवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली होती. त्या भांडणांत आवाज गेलेला मी पाहिला होता, अडखळलेला, खरखरलेला, अख्ख्या मशीनला घेऊन गोठलेला पाहिला होता. पट्टी सोडून गेलेला आवाज मात्र कधी पाहिला नव्हता. जे पाहिलं नाही ते नसतंच, हा कारागिराचा जुना रोग.

१९९६ साली मी दुकान टाकलं तेव्हा साउंड कार्ड ही वेगळी विकत घ्यायची चैन होती. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई, दिवसभर लॅमिंग्टन रोड, परत रात्री महालक्ष्मी; पिशवीत चार-पाच कार्डं. प्रत्येक डब्यावर एकच मंत्र लिहिलेला असायचा : साउंड ब्लास्टर कम्पॅटिबल. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीनं १९८९मध्ये साउंड ब्लास्टर आणलं आणि डॉसमधले गेम त्याच्याच हिशेबानं लिहिले जाऊ लागले. पत्ता २२०, इंटरप्ट ५, डीएमए १. बाकीच्या कार्डवाल्यांना मग त्याची नक्कल करण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. पण नकलेनकलेत फरक असतो. काही कार्डांचं कम्पॅटिबल असणं हे आमचे साडू मामलेदार आहेत म्हणण्याइतपतच असायचं.

इंटरप्ट म्हणजे दारावरची घंटा. प्रोसेसर आपल्या कामात असतो. कुणाला काही हवं असलं की तो घंटा वाजवतो. घंटा एकूण सोळा, शून्य ते पंधरा. शून्य घड्याळाची, एक कीबोर्डची, तीन आणि चार सीरियल पोर्टांच्या, सहा फ्लॉपीची, सात प्रिंटरची, चौदा-पंधरा हार्ड डिस्क आणि सीडीच्या. उरल्या सुरल्यात पाच, नऊ, दहा, अकरा. त्यातली पाच साउंडनं धरून ठेवलेली. बरं, कार्ड बसवायच्या आयसाच्या लांब काळ्या स्लॉटांत दोघांनी एक घंटा वाटून घ्यायची सोय जवळजवळ नव्हतीच.

एका कॉम्प्युटर क्लासमध्ये आठ मशीन होती, सगळी नेटवर्कमध्ये. गणपतीत त्यांनी एका मशीनला साउंड बसवायला सांगितला. कार्ड बसवलं, स्पीकर जोडले, आरतीची फाइल लावली. पहिला अर्धा शब्द आला, आणि परत तोच अर्धा शब्द, आणि परत तोच. मोदकाचं ताट हातात घेऊन उभी असलेली क्लासची मॅडम माझ्याकडे बघतेय आणि स्पीकर उचकी लागल्यासारखा एकच अक्षर म्हणतोय. तेव्हा मला कपाळाला हात लावण्यापलीकडे काही सुचलं नव्हतं. नंतर समजलं ते असं : कार्ड मेमरीतल्या एका लहानशा तुकड्यातून आवाज उचलतं, तो संपत आला की घंटा वाजवतं, मग प्रोसेसर पुढचा आवाज तिथे भरतो. त्या मशीनमधलं नेटवर्क कार्डही पाचवरच बसलेलं. साउंड कार्डाची घंटा प्रोसेसरपर्यंत पोचत नव्हती, नवा आवाज भरला जात नव्हता, आणि कार्ड बिचारं तोच तुकडा फिरफिरून वाजवत होतं. नेटवर्क कार्डावरचा जम्पर चिमट्यानं उचलून दहावर नेला आणि आरती पुढे सरकली. जम्पर म्हणजे तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठं काळं टोपण. हातातून निसटलं की ते नेमकं एसएमपीएसच्या, म्हणजे पॉवर सप्लायच्या, खाली जातं.

पुढे आमच्याकडे विंडोज ९५ रुळलं आणि त्याच्याबरोबर प्लग अँड प्ले आलं. आता कार्ड लावा, बाकी मशीन बघून घेईल, असं सांगायचे. आम्ही कार्ड लावायचो आणि देव पाण्यात ठेवायचो. बायोसमध्ये एक ओळ होती, ऑपरेटिंग सिस्टम प्लग अँड प्ले आहे का, हो की नाही. हो म्हटलं तर एका बोर्डवर साउंड चालायचा, नाही म्हटलं तर दुसऱ्यावर. कोणत्या बोर्डला काय मानवतं, याची मी एक वही केली होती.

पीसीआयचे पांढरे आखूड स्लॉट आले, तेव्हा घंटा वाटून घेण्याची सोय झाली. पण वाटून घ्यायला दोघं समंजस लागतात. बोर्डवर वायरिंगच असं असायचं की डिस्प्ले कार्डाच्या एजीपी स्लॉटाला लागून असलेला पहिला पीसीआय स्लॉट बहुतेक वेळा त्या कार्डाच्याच घंटेवर यायचा. त्यात साउंड कार्ड घातलं की खिडकी सरकवली तरी आवाज खरखरायचा. तेच कार्ड खालून दुसऱ्या स्लॉटात घातलं की गुण्यागोविंदानं नांदायचं. मी कार्ड या स्लॉटातून त्या स्लॉटात हलवतोय आणि दुरुस्ती झाली म्हणून पैसे मागतोय, हे बघून एका गिऱ्हाइकानं विचारलं होतं, "वास्तुशास्त्र का?" मी हो म्हटलं. खरं सांगायला अर्धा तास लागला असता.

एकदा मात्र हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. २००१च्या सुमारास लग्नांचं शूटिंग करणाऱ्या एकाला मी नवं मशीन दिलं, चांगलं पीसीआय साउंड कार्ड घालून. तो एका हार्ड डिस्कवरून दुसरीवर मोठमोठ्या फाइली कॉपी करायचा. कॉपी पूर्ण व्हायची, कुठेही एरर नाही, आणि आठ दिवसांनी फाइल उघडली की मध्येच चौकटी फुटलेल्या. मी केबल बदलल्या, रॅम बदलली, एक डिस्कही बदलली. बोर्डवरची डिस्क सांभाळणारी चिप आणि ते साउंड कार्ड एकाच वेळी पीसीआयवरून माल नेऊ लागले की डेटा बिघडतो, हे नंतर जाहीर झालं; बायोसची आणि ड्रायव्हरची दुरुस्तीही आली. तोवर एका मुलीच्या सप्तपदीतली तीन पावलं गेली होती ती गेलीच. त्या घरी मी आणि तो, दोघं जाऊन आलो. चहा मिळाला, पण कुणी बोललं नाही.

तर एवढा सगळा अनुभव गाठीशी बांधून मी गुरुजींच्या डेकचा पट्टा बदलला होता. आठ दिवसांनी ते परत आले. या वेळी छत्रीही मिटलेली नव्हती.

"घरी चल," म्हणाले. "तू ऐक, मी सांगतो."

त्यांच्या माडीवर एका बाजूला तंबोऱ्यांच्या गवसण्या, खिडकीशी पेटी, आणि कोपऱ्यात आमचं मशीन, त्याच्यावर क्रोशाचं आच्छादन. आधी त्यांनी डेक सरळ स्पीकरला जोडून कॅसेट लावली आणि पेटीवर काळी एक धरली. बरोबर असावी, ते माझ्याकडे बघून नुसते थांबले. मग तीच कॅसेट संगणकावर उतरवलेली फाइल लावली. पुन्हा काळी एक, पुन्हा बरोबर. आणि हीच फाइल सीडीवर जाऊन दुसऱ्याच्या घरी गेली की पडते!

"आता ही बघ गंमत." त्यांनी दुकानातून विकत आणलेली एका नामवंत गायकाची ऑडिओ सीडी मशीनमध्ये घातली. वाजली, पट्टी बरोबर. मग त्याच सीडीवरून शिष्यानं करून दिलेली एमपीथ्री लावली. गायक एकदम पोरगेला होऊन, गडबडीत निघाल्यासारखा गायला लागला. गुरुजींनी पेटीवर बोट सरकवलं. "काळी दोनच्या वर आहे. पांढरी तीन म्हणशील तर नाही. पण तिकडेच झुकलाय."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं एमपीथ्री असंच असतं. पोरं सगळं घाईतच ऐकतात."

आता माझी ट्यूब पेटायला लागली. त्या काळी ऑडिओ सीडी वाजायची तेव्हा आवाज सीडी ड्राइव्ह स्वतःच तयार करायचा आणि चार पिनांच्या बारक्या केबलमधून बोर्डकडे नुसता पाठवायचा. म्हणजे ड्राइव्हच्या घड्याळावर वाजलेलं सगळं बरोबर, आणि बोर्डच्या घड्याळावर वाजलेलं सगळं चढं. घरी उतरवलेलं घरी बरोबर वाजतं, कारण उतरवतानाही घड्याळ तेवढंच पळतं. खोट्या मापानं घ्यायचं आणि त्याच मापानं द्यायचं. घरात हिशेब जुळतो, बाजारात उघडा पडतो.

"साठच्या कॅसेटची फाइल किती मिनिटांची होते?" मी विचारलं.

त्यांनी वही काढली. शाळामास्तरांची वही, प्रत्येक कॅसेटला एक ओळ, राग, तारीख, बाजू अ, बाजू ब. सगळीकडे एका बाजूला पस्तीस मिनिटं. "मला वाटलं कंपनी थोडी फीत जास्त देते."

तीसची पस्तीस. उत्तर पहिल्या दिवसापासून वहीत पडलेलं होतं.

मी कॅबिनेट उघडलं. त्या काळच्या बोर्डवर साउंडचं काम करणारी एक चिप असायची, बोटाच्या नखाएवढी, चारी बाजूंनी पाय असलेली. तिच्या शेजारी एक क्रिस्टल असायचा : चकचकीत पत्र्याची चपटी डबी, औषधाच्या कॅप्सूलएवढी, वर आकडा उमटवलेला, २४.५७६. हा तिचा स्वतःचा ठोका, सेकंदाला दोन कोटी पंचेचाळीस लाखांवर. चिप त्याचा निम्मा करून १२.२८८ मेगाहर्ट्झवर चालायची, आणि त्यातूनच सेकंदाला आवाजाच्या ४८००० नमुन्यांचा हिशेब बसायचा. या बोर्डवर त्या जागी पांढऱ्या शाईनं क्रिस्टलची चौकट छापलेली होती, दोन टाके होते, आणि मध्ये काही नव्हतं. पडलेला नाही, तुटलेला नाही, बसवलेलाच नाही. बोर्ड करणाऱ्यानं चार-दोन रुपये वाचवले होते.

मग चिपला ठोका कोण देत होतं? बोर्डवर दुसरा एक क्रिस्टल होताच, तो तेव्हा प्रत्येक बोर्डवर असायचा : १४.३१८. गुरुजींचा कॅल्क्युलेटर घेतला. १४.३१८ भागिले १२.२८८, उत्तर १.१६५. पस्तीस भागिले तीस, १.१६६. मी कॅल्क्युलेटर त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो बघितला नाही, पेटीवर काळी एकपासून पांढरी तीनपर्यंत एकेक पट्टी दाबत गेले आणि म्हणाले, "अडीचहून थोडं जास्त ना?" तेवढंच होतं. अडीच पट्ट्या आणि वर थोडं.

या १४.३१८चा मागोवा मी पुढे घेतला, कारण आकडा फार विचित्र होता. १९८१मध्ये आयबीएमनं पहिला पीसी काढला तेव्हा तो घरच्या टीव्हीलाही जोडता यावा, असा विचार होता. अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीचा रंगाचा ठोका ३.५८ मेगाहर्ट्झच्या आसपास. त्याची चौपट म्हणजे १४.३१८. एकाच क्रिस्टलवर सगळं भागावं म्हणून त्याला तिनानं भागून प्रोसेसरला ४.७७ मेगाहर्ट्झ दिले. टीव्हीला पीसी जोडायची गरज संपली, तरी क्रिस्टल राहिला. बोर्डामागून बोर्ड, पिढीजात. बुवांना मिरजेच्या एका माडीवर अडीच पट्ट्या खाली कुणी खेचलं, तर अमेरिकेतल्या टीव्हीच्या रंगानं. हे मी गुरुजींना सांगितलं. "आमच्या बुवांनी टीव्ही घरात येऊ दिला नव्हता," म्हणाले.

मग दोन वर्षं हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? बोर्डबरोबर आलेल्या सीडीतल्या ड्रायव्हरला आपल्या बोर्डची ही लबाडी ठाऊक होती. तो आतल्या आत हिशेब सांभाळून घ्यायचा. सहा महिन्यांपूर्वी गुरुजींच्या भाच्यानं, व्हायरसला कंटाळून, मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून मशीनवर लिनक्स टाकलं. लिनक्सचा ड्रायव्हर साधासरळ. चिप ४८०००वर चालते, असं तो धरून चालला. पण त्याला वेगळा आकडा सांगायची सोय होती. ४८००० भागिले १.१६५२, म्हणजे ४११९४. एका फाइलमध्ये एक ओळ लिहिली, मशीन परत चालू केलं, एमपीथ्री लावली. गुरुजींनी काळी एक धरली आणि डोळे मिटले.

त्यांनी लगेच बुवांची फाइल लावली आणि डोळे उघडले. "अरे, आता घरीपण पडला!"

साहजिकच होतं. बावीस कॅसेटी खोट्या मापानं उतरवलेल्या, आणि आता माप खरं झालेलं. त्यांचा चेहरा बघवेना. फिती एवढ्या नाजूक झालेल्या, की पुन्हा चालवल्या तर काही तुटल्याच असत्या. पण आवाजाला काही झालेलं नव्हतं, फक्त फाइलीच्या कपाळावर आकडा चुकीचा लिहिलेला होता. सेकंदाला ४४१०० नमुने असं लिहिलंय, प्रत्यक्षात घेतलेत ५१३८६. खरा आकडा सांगून फाइली नव्यानं बसवायच्या. आज्ञा लिहून रात्रभर मशीन चालू ठेवलं. सकाळी पस्तीसच्या तीस झाल्या होत्या. गुरुजी रात्री दोनदा उठून बघून गेले, असं घरातून कळलं.

मी सुटलो असं समजून दुकानात बसलो होतो, तर पंधरा दिवसांनी निरोप. पुढच्या सहा कॅसेटी उतरवल्या. सूर किंचित चढा आहे.

"आता चढा असणं शक्यच नाही," मी माडीवर जाऊन सांगितलं. आकडे दाखवले. फाइल बरोबर तीस मिनिटांची होती. खरं तर तिसाला थोडी कमी.

"पहिल्या बावीस बरोबर आहेत. या सहा चढ्या आहेत. मध्ये काय झालं?"

मध्ये मी पट्टा बदलला होता. जुना पट्टा खरंच सैल नव्हता. मी घातलेला नवा पट्टा मूळच्यापेक्षा जाड निघाला; जाड पट्टा मोटरच्या पुलीवर जरा उंच बसतो, पुली तेवढी मोठी झाल्यासारखी होते, आणि फीत जरा वेगानं पळते. माझ्या कानाला त्यातलं काहीही कळत नव्हतं.

डेक उघडला. मोटरच्या पाठीला एक बारीक भोक असतं, त्यात वेग कमी-जास्त करायचा स्क्रू. घड्याळजीचा स्क्रू-ड्रायव्हर आत घातला. गुरुजींनी बुवांची कॅसेट लावली, डाव्या हातानं भाता धरला आणि उजव्या हाताचं बोट काळी एकवर ठेवलं.

"फिरव."

मी फिरवला.

"अजून. अजून. मागे ये. हं, थांब."

मी थांबलो. गुरुजींच्या सुनेकडून नेलपॉलिश मागून घेतलं, लाल मिळालं, आणि स्क्रू परत हलू नये म्हणून त्याच्यावर एक थेंब सोडला.